मोठ्या कंपनीतील इंटर्नशिपची मुलाखत: प्रकल्पातील आपला वाटा किती आणि कसा सांगावा?

पत्राचा सारांश: नाशिक जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थिनीने हे पत्र लिहिले आहे. एका मोठ्या बहुराष्ट्रीय सॉफ्टवेअर कंपनीच्या उन्हाळी इंटर्नशिपची ऑनलाइन चाचणी ती उत्तीर्ण झाली आहे आणि तीन आठवड्यांनी व्हिडिओवर तिच्या दोन मुलाखती होणार आहेत. तिचे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले असल्याने इंग्रजी बोलताना ती अडखळते. तिच्या बायोडेटात टोमॅटोच्या पानांवरील रोग ओळखणारा एक प्रकल्प आहे. चौघांच्या गटाने तो ‘प्लांटव्हिलेज’ या छायाचित्रसंग्रहावर केला आणि अहवालात अचूकता ९८ टक्के लिहिली. मॉडेलचे, म्हणजे फोटोंवरून शिकून रोगाचे नाव सांगणाऱ्या संगणकीय प्रणालीचे काम दोन मित्रांनी केले. तिने घरच्या मळ्यातील पानांचे फोटो काढले, वडिलांना विचारून त्यांवर रोगांची नावे घातली आणि मोबाइलवरचा स्क्रीन तयार केला. मळ्यातील फोटोंवर मॉडेल सतत चुकू लागल्यामुळे तो भाग अहवालातून वगळण्यात आला. ‘सगळे मीच केले असे सांग, आम्ही पाठ करून देतो’ असे सीनियर सांगतात, तर एका मैत्रिणीने दुसऱ्या स्क्रीनवर उत्तरे सुचवणारे एआय साधन उघडे ठेवण्याचा सल्ला दिला आहे. वडिलांनी भावकीत ही बातमी सांगून टाकली आहे. ती विचारते, ‘खरे सांगितले तर माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच उरत नाही. मी खोटे सांगू, की तयारी नाही म्हणून मुलाखतच नाकारू?’

उत्तर:

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट प्रथम जाणवली ती अशी, की ज्या कामाबद्दल तुम्हाला संकोच वाटतो तेच तुमच्या प्रकल्पातील सर्वांत भक्कम काम आहे. खोटे बोलावे की माघार घ्यावी, असे दोनच पर्याय तुम्ही माझ्यासमोर ठेवले आहेत. हे दोन्ही पर्याय ‘माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही’ या एकाच समजुतीवर उभे आहेत. म्हणून आधी ती समजूत तपासून पाहू.

प्लांटव्हिलेज संग्रहात १४ पिकांच्या पानांची ५४,३०६ छायाचित्रे आहेत आणि टोमॅटोसाठी निरोगी पान धरून दहा वर्ग, म्हणजे पानाला देता येणारी दहा नावे आहेत. ही पाने तोडून, एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून, एकेक करून टिपलेली आहेत. या संग्रहावर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे फार मोठ्या प्रमाणावर संदर्भिल्या गेलेल्या शोधनिबंधात ९९.३५ टक्के अचूकता नोंदवलेली आहे. त्याच संशोधकांनी आपले मॉडेल वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या, इतर ठिकाणांहून मिळवलेल्या छायाचित्रांवर चालवून पाहिले, तेव्हा ती अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर आली आणि त्यांनी ती त्याच निबंधात लिहिली. म्हणजे जी गोष्ट तुमच्या गटाने कमीपणा येईल म्हणून अहवालातून काढून टाकली, ती या विषयातली माहीत असलेली आणि महत्त्वाची अडचण आहे. तिच्यापर्यंत तुम्ही स्वतःच्या मळ्यात फोटो काढून पोहोचलात.

मुलाखत घेणारी व्यक्ती या क्षेत्रातील जाणकार असेल, तर ९८ टक्के हा आकडा वाचून ती प्रभावित होण्यापेक्षा सावध होण्याची शक्यता अधिक आहे. तपासणीसाठी वापरलेले फोटो कोठून आले होते, एकाच पानाचे अनेक फोटो असतील तर त्यांतले काही शिकवण्यासाठी आणि काही तपासण्यासाठी असे विभागले गेले नव्हते ना, मॉडेल पान पाहत होते की मागची पार्श्वभूमी, हे प्रश्न ती विचारील. पाठ केलेले उत्तर पहिल्या प्रश्नाला पुरते, फार तर दुसऱ्याला. तिसऱ्या प्रश्नाला ते उघडे पडते, आणि तेथून पुढे तुम्ही खरे बोललात तरी त्यावर विश्वास बसणे कठीण होते. सीनियरांचा सल्ला अनैतिक आहे हे तर आहेच, पण तो व्यवहार म्हणूनही तोट्याचा आहे, कारण ज्या भागाबद्दल तुम्हाला कमी माहिती आहे तिकडे तुम्ही स्वतःच मुलाखतकाराला घेऊन जाता.

त्याऐवजी तुम्ही असे सांगितलेत तर काय होईल, याचा विचार करा. ‘हा चौघांचा प्रकल्प होता. मॉडेल माझ्या दोन सहकाऱ्यांनी तयार केले, ते कसे चालते हे मी समजून घेतले आहे. माझ्याकडे शेतातील फोटो जमवणे, त्यांना योग्य नावे देणे आणि मोबाइलवरचा स्क्रीन ही कामे होती. संग्रहातील फोटोंवर आम्हाला ९८ टक्के अचूकता मिळाली, पण आमच्या मळ्यातील फोटोंवर मॉडेल वारंवार चुकले. त्याची कारणे मला अशी वाटतात.’ आणि मग ती कारणे सांगा. मळ्यात एका फोटोत अनेक पाने एकमेकांवर येतात, मागे माती, मल्चिंगचा कागद, बांबू आणि सुतळी दिसते, दुपारच्या उन्हात पानावर चकाकी येते आणि सकाळी दव असते. एकाच पानावर करपा आणि नागअळी दोन्ही असू शकतात, तर तुमचे मॉडेल प्रत्येक पानाला एकच नाव देते, शिवाय नागअळीसाठी त्या संग्रहात वर्गच नाही. हे तुम्हाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. फोटोला नाव देताना वडिलांना विचारावे लागले, ते कोणत्या खुणेवरून ओळखतात हे पाहावे लागले, कदाचित काही पानांबद्दल त्यांनाही खात्री नसेल. असे काही झाले असेल तर तेही सांगा, कारण नाव देणाऱ्यालाच जेथे खात्री नाही तेथे मॉडेलकडून किती अपेक्षा ठेवायची, हा या क्षेत्रातील अत्यंत गंभीर प्रश्न आहे.

यासाठी तीन आठवड्यांत तुम्हाला खरोखर करण्यासारखे एक काम आहे. मित्रांकडून मॉडेल मागून घ्या, मळ्यातील फोटोंवर ते पुन्हा चालवा आणि किती फोटो कोणत्या रोगाचे होते, त्यांतले किती बरोबर आले, कोणता रोग कोणता म्हणून ओळखला गेला, याचा एक साधा तक्ता करा. आकडा वाईट आला तरी चालेल, तो तुमचा स्वतःचा आकडा असेल. बायोडेटातही प्रकल्पाच्या नावाखाली तुमचा वाटा स्पष्ट लिहिणारी एक ओळ घाला. कंपनीकडे आधीच दिलेला बायोडेटा बदलता येत नसेल, तर मुलाखतीत प्रकल्पाचा विषय निघताच पहिल्याच वाक्यात ते सांगून टाका. मॉडेल तुम्ही बांधलेले नसले तरी ते कोणत्या प्रकारचे आहे, ते का निवडले आणि त्याला शिकवताना काय काय बदलून पाहिले, हे मित्रांजवळ बसून समजून घ्या, कारण ‘ते माझ्याकडे नव्हते’ एवढेच उत्तर देऊन थांबणे पुरेसे नाही. गटात काम केलेल्या माणसाला शेजारच्याच्या कामाची समज असावी, ही अपेक्षा रास्त आहे.

आता मुलाखतीच्या मुख्य भागाकडे, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांकडे येऊ. येथे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त नडते ती ओरलची सवय. दर सत्राच्या अखेरीस बाहेरून आलेले परीक्षक व्याख्या विचारतात, येत असेल तर एका दमात सांगायची, येत नसेल तर खाली मान घालायची किंवा काहीतरी ठोकून द्यायचे, हे आपण वर्षानुवर्षे करत आलेलो असतो. सॉफ्टवेअर कंपनीतील तांत्रिक मुलाखत या पद्धतीने दिली तर हुशार विद्यार्थीही मागे पडतो. साधारण ४५ मिनिटे ते एक तासाच्या त्या वेळात मुलाखतकाराला तुमच्या विचारांची वाटचाल पाहायची असते, आणि मुलाखत संपल्यावर त्याला आपले मत पुराव्यासह लिहून द्यायचे असते. तुम्ही दहा मिनिटे गप्प राहून बरोबर उत्तर लिहिलेत, तर ते पाठ होते की सुचले हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून बोलत बोलत सोडवणे हा या मुलाखतीचा शिष्टाचार नसून तिचा गाभा आहे.

एक अगदी प्राथमिक प्रश्न घेऊ. संख्यांची एक यादी दिली आहे आणि तिच्यातील अशा दोन संख्या शोधायच्या आहेत, ज्यांची बेरीज दिलेल्या संख्येइतकी होईल. बरेच विद्यार्थी लगेच टाइप करू लागतात. त्याआधी विचारा: यादी रिकामी असू शकते का, ऋण संख्या आहेत का, तीच संख्या दोनदा वापरली तर चालेल का, अशा अनेक जोड्या असतील तर एक हवी की सगळ्या? हे प्रश्न वेळ काढण्यासाठी नसतात. कामावर अर्धवट सांगितलेली गोष्ट नीट समजून घेणारा माणूस हवा असतो, आणि ते येथेच दिसते. मग सर्वांत सरळ मार्ग सांगा, की प्रत्येक संख्येची इतर प्रत्येक संख्येशी जोडी लावून पाहता येईल, पण यादीत दहा हजार संख्या असतील तर जवळपास पाच कोटी जोड्या तपासाव्या लागतील. त्यानंतर सुधारणा सुचवा, की यादीतून एकदाच जाताना पाहिलेली प्रत्येक संख्या हॅश टेबलमध्ये, म्हणजे हवी ती नोंद झटकन सापडेल अशा रचनेत ठेवली, तर पुढच्या संख्येला हवा असलेला जोडीदार आधी येऊन गेला आहे का हे लगेच कळेल, मात्र त्यासाठी जास्तीची मेमरी लागेल. मुलाखतकाराची संमती घेऊन मगच कोड लिहा आणि लिहून झाल्यावर एक छोटे उदाहरण घेऊन तो ओळीओळीने स्वतः चालवून दाखवा. चूक तुम्हालाच सापडली तर ती कमीपणाची गोष्ट नाही. मला अशा मुलाखती घेण्याचा अनुभव आहे, आणि आपली चूक स्वतः शोधून शांतपणे दुरुस्त करणारा उमेदवार फार चांगला परिणाम करून जातो, एवढे मी नक्की सांगू शकते.

अडकल्यावर मुलाखतकार एखादी सूचना देतो. ओरलच्या सवयीमुळे ती आपल्याला पराभवासारखी वाटते आणि आपण ती ऐकून न ऐकल्यासारखी करतो. वास्तविक सूचना मिळाल्यावर हा विद्यार्थी तिचा उपयोग कसा करतो, हेही पाहिले जात असते, कारण इंटर्न म्हणून तुम्ही आलात तर पहिले अनेक आठवडे कोणाच्या तरी मार्गदर्शनाखालीच काम करणार आहात. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगा, आणि लगेच त्याला जोडून आपण ते कसे शोधले असते हे सांगा.

तीन आठवड्यांत सगळा अभ्यासक्रम उरकण्याचा हट्ट धरू नका. अॅरे, स्ट्रिंग, हॅश टेबल, लिंक्ड लिस्ट, स्टॅक, क्यू, ट्री, ग्राफमधील दोन मूलभूत शोधपद्धती, सॉर्टिंग आणि रिकर्शन एवढे पक्के करा. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगचे सोपे नमुने शेवटी, वेळ उरला तर. एखादा विषय मुळातूनच कच्चा असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने विनामूल्य उपलब्ध आहेत, परंतु व्याख्याने पाहण्यात दिवस जातो आणि हात चालत नाही, म्हणून त्यांचा उपयोग अडलेल्या जागेपुरताच करावा. रोज मोजके प्रश्न घ्या, पण प्रत्येक प्रश्न घड्याळ लावून आणि मोठ्याने बोलत सोडवा. गटारांची झाकणे गोल का असतात, किंवा विमानात किती चेंडू मावतील, असल्या कोड्यांची पुस्तके घेऊन बसू नका. ‘कोडी विचारणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे’ असे गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझलो बॉक यांनी २०१३ सालीच न्यूयॉर्क टाइम्सशी बोलताना स्पष्ट केले होते. सर्व उमेदवारांना सारखेच प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण, अशी बांधीव मुलाखत अधिक विश्वासार्ह ठरते, असे या विषयावरील संशोधन सांगते, आणि अनेक मोठ्या कंपन्या त्या दिशेने गेल्या आहेत. तुमच्यासारख्या कमी नावाजलेल्या महाविद्यालयातून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही चांगली गोष्ट आहे.

इंग्रजीबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मुलाखत इंग्रजीत होईल आणि तुमचे म्हणणे समोरच्याला कळले नाही तर तोटा होईल. पण कळणे आणि अस्खलित बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही दुसरीच्या चिंतेत पहिलीची तयारी विसरता आहात. तीन आठवड्यांत इंग्रजी भाषा येणार नाही, परंतु आठ-दहा विषयांवर स्पष्ट बोलता येईल. स्वतःची ओळख, प्रकल्पातील तुमचे काम, मॉडेल मळ्यात का चुकले, गटातील एखादा मतभेद कसा मिटवला, ही कंपनी का, आणि कोड समजावून सांगताना लागणारी नेहमीची वाक्ये, एवढ्यावर रोज मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि ऐका. वाक्ये लहान ठेवा. आधी मुद्दे लिहा, संपूर्ण उत्तर लिहून पाठ करू नका, कारण पाठांतरातला एक शब्द निसटला की पुढचे सगळे निसटते. प्रश्न कळला नाही तर ‘कॅन यू प्लीज रिपीट द क्वेश्चन’ असे विचारण्यात काहीही गैर नाही, आणि विचार करायला वेळ हवा असेल तर तसे सांगून अर्धा मिनिट घ्यावे. मुलाखतकारही बहुधा इंग्रजी शिकूनच त्या खुर्चीवर आलेला असतो. उच्चारांची नक्कल करण्याच्या फंदात मुळीच पडू नका.

गटातील मतभेदासारख्या प्रश्नांची उत्तरे देताना आपल्या मुलींना आणखी एक अडचण येते, ती म्हणजे प्रत्येक वाक्यात ‘आम्ही’. घरी आणि शाळेत मीपणा करू नये असेच शिकवलेले असते आणि ती शिकवण चांगलीच आहे, परंतु निवड गटाची होणार नसून तुमची होणार आहे. परिस्थिती काय होती, तुमच्यावर कोणती जबाबदारी होती, तुम्ही नेमके काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, या क्रमाने सांगा. गटाने केले ते गटाचे, मी केले ते माझे, असे नीट वेगळे करून सांगण्यात बढाई नाही. सगळे स्वतःच्या नावावर घेणे आणि स्वतःचे कामही गटाच्या नावात बुडवणे, या दोन्हींतून मुलाखतकाराला तुम्ही दिसतच नाही.

मैत्रिणीने सुचवलेले एआय साधन कृपया उघडू नका. डोळे कोठे वळतात, उत्तर किती उशिराने आणि किती गुळगुळीत येते, हे अनुभवी माणसाला कळते, आणि तसा संशय आला तर त्या कंपनीचे दार पुढेही बंद होऊ शकते. हे साधन चालले तरी उन्हाळ्यात त्या कामावर तुम्हालाच बसायचे आहे. काही कंपन्या विशिष्ट फेरीत अशी साधने वापरण्यास स्वतःहून परवानगी देतात, तेव्हा शंका असेल तर ज्यांनी ईमेल पाठवला त्या समन्वयकाला आधीच विचारून घ्यावे. तयारीसाठी मात्र त्याच साधनाला मुलाखतकार बनवून प्रश्न विचारायला लावण्यास काहीच हरकत नाही. शक्य असेल तर वर्गातील एखाद्या मैत्रिणीसमोर प्रत्यक्ष सराव करा, कारण समोर माणूस असताना जी गडबड होते ती यंत्रासमोर होत नाही.

मुलाखत नाकारण्याचा विचार तुम्ही सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चाचणी तुम्ही स्वतःच्या बळावर उत्तीर्ण झालात, म्हणजे किमान पात्रतेचा प्रश्न मिटलेला आहे. परीक्षेची तारीख आडवी येत असेल तर काही दिवसांची मुदत मागता येते, ईमेल नम्र आणि लवकर पाठवला तर ती बरेचदा मिळतेही. पण ‘तयारी झाल्यावर बघू’ म्हणून सोडलेली संधी परत येईल याची शाश्वती नसते, आणि अशी मुलाखत प्रत्यक्ष दिल्याने जी तयारी होते ती घरी बसून होत नाही. यंदा निवड झाली नाही तरी ठरावीक काळानंतर मोठ्या कंपन्यांत बहुधा पुन्हा अर्ज करता येतो.

राहिला प्रश्न वडिलांचा आणि भावकीचा. वडिलांनी बातमी सांगितली ती कौतुकाने, तुमच्यावर ओझे टाकण्यासाठी नव्हे, तेव्हा त्यांच्यावर रागावू नका. त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगा, की चाचणीतून पुढे आलेल्यांपैकी बहुतेकांची अखेर निवड होत नाही, जागा थोड्या असतात, आणि निकाल येईपर्यंत हा विषय घरातच राहिला तर तुम्हाला बरे वाटेल. याच वेळी त्यांच्याकडून मदतही मागा. मळ्यातील फोटोंचा तक्ता करताना त्यांना शेजारी बसवा आणि प्रत्येक पानाबद्दल ते असे का म्हणतात हे विचारून लिहून घ्या. त्या नोंदी मुलाखतीत तुम्हाला सीनियरांच्या पाठ करून दिलेल्या उत्तरांपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतील.

अशाच परिस्थितीतील इतर विद्यार्थ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना करते. मुलाखतीसाठी, प्रशिक्षणासाठी किंवा लॅपटॉपची अनामत म्हणून पैसे मागणारा ईमेल आला तर तो कितीही मोठ्या नावाने आलेला असो, पैसे भरू नयेत. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील पत्त्याशी पाठवणाऱ्याचा पत्ता ताडून पाहावा आणि महाविद्यालयाच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांना दाखवावा.

मुलाखतीच्या दिवशीची व्यवस्था आदल्या दिवशीच करून ठेवा. गावाकडे वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसेल, तर त्या दिवशी महाविद्यालयातील एखादी शांत खोली प्राचार्यांच्या परवानगीने मागून घ्या, मोबाइलच्या हॉटस्पॉटची पर्यायी सोय ठेवा, आणि संपर्क तुटलाच तर कळवण्यासाठी समन्वयकाचा क्रमांक कागदावर लिहून समोर ठेवा. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे विचारले जाईल तेव्हा ‘नाही’ म्हणू नका. इंटर्नना कोणत्या प्रकारचे काम मिळते, त्यांच्या कामाचे मूल्यमापन कोण आणि कसे करतो, हे विचारा. मानधन आणि राहण्याची सोय यांचे प्रश्न निवड झाल्यावर समन्वयकाला विचारावेत. आणि त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, विचारलेले सगळे प्रश्न आणि तुम्ही दिलेली उत्तरे वहीत लिहून काढा, कारण निकाल काहीही लागला तरी अंतिम वर्षाच्या सुरुवातीलाच कॅम्पस मुलाखती सुरू होतील आणि त्या वेळी ही वही तुमच्या हाताशी असेल.